गवयाचा मास्तर होताना

सरकारी शाळेत गायनमास्तर व्हायचे तर हल्ली तंबोऱ्याच्या गवसणीइतकीच प्रमाणपत्रांची पिशवी जपावी लागते. केंद्रीय विद्यालयांनी २०२२ साली प्राथमिक संगीत शिक्षकांच्या ३०३ जागा जाहीर केल्या, तेव्हा बारावीला ५० टक्के गुण आणि संगीताची पदवी अशी अट होती. लेखी परीक्षेत संगीताच्या जोडीला इंग्रजी, हिंदी, सामान्यज्ञान, तर्क आणि संगणक! यमन विचारण्याआधी संगणक विचारतात, याचे जुन्या मंडळींना हसू येते. मला येत नाही.

दरबारी गवयांच्या घरात वाढलेल्याला सनदेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दरबारात गवयाची परीक्षा एकच, मालकांची मर्जी. शिकायचे तर उस्तादांची मर्जी. गंडा बांधायला कोणाच्या घरी जावे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला दार बंद. आपल्या ग्वाल्हेरात ते दार प्रथम उघडले ते विद्यालयांनी. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये विद्यालय काढले, तेच पुढे शंकर गांधर्व महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. १९१८ मध्ये माधवराव महाराजांच्या आश्रयाने व पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या योजनेप्रमाणे माधव संगीत विद्यालय सुरू झाले.

त्याआधीची हकीकत मोठी बोलकी आहे. नव्या शाळेत शिकवायचे कोणी? गावात गवयांना तोटा नव्हता, शिक्षकांना होता. म्हणून महाराजांनी इथल्या काही गवयांना मुंबईस भातखंड्यांकडे धाडले. त्यांत राजाभैया पूछवाले होते, वय पस्तिशीच्या घरात. तयार गळ्याचा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला आणि स्वरलिपी शिकला. (भातखंडे मूळचे वकील, गोष्ट कागदावर उतरली की पक्की, हा संस्कार तिथलाच असावा.) पुढे राजाभैया त्याच विद्यालयाचे प्राचार्य झाले. आमच्या गावातला गवई मास्तर झाला तो असा. तेव्हा आजच्या पोराला परीक्षा द्यावी लागते, यात अपमान कसला?

मात्र कागद जिथे संपतो तिथे वर्ग सुरू होतो. चाळीस मुले, एक पेटी, पस्तीस मिनिटे. मास्तर सवयीने आपल्या गळ्याची पट्टी धरतात. चीज मंद्रात उतरली की वर्ग मुका होतो, कारण कोवळ्या गळ्यांतून ते स्वर निघतच नाहीत. पट्टी दोन सूर चढवली की तीच मुले मोकळी गातात. सातवी-आठवीतल्या मुलग्यांचे निराळेच. ज्या वर्षी आवाज फुटतो, त्या वर्षी एखाद्याला उभे करून तार षड्ज लावायला सांगितले की सारा वर्ग हसतो आणि तो मुलगा पुन्हा तोंड उघडत नाही. त्याच्या हाती तबला द्यावा, टाळ द्यावेत. लयीशी तरी त्याची सोयरीक राहते. सात वर्षे खर्चून विशारद झालेल्यांनाही हे पहिल्या वर्गात कळते, तोवर दोन-चार पोरे गाण्यातून उठलेली असतात.

बरे, इतके करून पदरात काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुले असली तर कलाशिक्षणासाठी निदेशक सांगितला आहे, पण अर्धवेळ. गणिताच्या मास्तरांना अर्धवेळ ठेवण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही.

माझ्याकडे परीक्षेची तयारी करायला मुली येतात. त्यांना मी एक काम लावून देतो: जवळच्या प्राथमिक शाळेत आठवड्यातून एक तास शिकवायचे. पहिल्या तासाहून बहुतेक रडकुंडीला येऊन परततात. महिन्याभराने एखादी विचारते, "गुरुजी, भूप चाळीस जणांना एकदम कसा शिकवू?" मग परीक्षेचे पुस्तक मिटतो, पेटी पुढे ओढतो आणि पाच स्वरांपासून सुरुवात करतो.