डिझेल एंजिनाची चाकरी

आगगाडीच्या एंजिनाचें आयुष्य किती असतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. गाडी वेळेवर आली म्हणजे प्रवाशाचें काम झालें. ती ओढून आणणारें धूड कोठें जन्मलें, किती वर्षें राबलें आणि शेवटीं त्याचें काय झालें, याची चौकशी करण्याचें त्याला कारण पडत नाहीं. वाफेच्या एंजिनाला निदान कवी तरी भेटले. डिझेल एंजिनाच्या वाट्याला तेंही भाग्य फारसें आलें नाहीं. वास्तविक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भारतांतील आगगाड्यांचा मोठा भार ज्या एका जातीच्या डिझेल एंजिनानें वाहिला, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. रेल्वेच्या दप्तरीं त्या जातीचें नांव 'डब्ल्यू. डी. एम्. २' असें आहे. पहिलें अक्षर ब्रॉडगेज मार्ग दाखवितें, दुसरें डिझेल, आणि तिसरें असें सांगतें कीं, हें एंजिन प्रवासी व माल या दोन्हींकरितां आहे.

त्याचें कूळ अमेरिकन. न्यूयॉर्क संस्थानांतील स्केनेक्टडी येथल्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचा, म्हणजे 'अल्को'चा, हा आराखडा. १९६२ सालीं त्या कंपनीचीं पहिलीं एंजिनें इकडे आलीं. वाराणशीस रेल्वेचा स्वतःचा कारखाना त्याच सुमारास उभा राहत होता. तेथें जुळविलेलें पहिलें एंजिन १९६४ च्या जानेवारींत बाहेर पडलें. मौज अशी कीं, अल्कोनें १९६९ सालीं एंजिनें बांधणें सोडून दिलें, परंतु वाराणशीस हा नमुना १९९८ पर्यंत तयार होत राहिला. मूळ घराणें बुडालें आणि दत्तक शाखा पुढें तीस वर्षें नांदली. या जातीचीं अडीच हजारांहून अधिक एंजिनें झालीं.

बाहेरून पाहतां तें सहा आंसांवर ठेवलेली, सुमारें ११३ टन वजनाची लोखंडी पेटीच दिसतें. पोटांत इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारांत मांडलेले सोळा सिलिंडर असतात; प्रत्येकाचा व्यास नऊ इंच, आणि सर्वांची मिळून शक्ति २६०० अश्वांची. मोटारगाडीप्रमाणें हें यंत्रच चाकें फिरवीत असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें नाहीं. दट्ट्यांच्या हालचालीनें एक जनित्र फिरतें, जनित्राची वीज आंसांलगतच्या सहा मोटारांकडे जाते, आणि त्या मोटारा चाकें फिरवितात. म्हणजे हें स्वतःचें वीजघर बरोबर घेऊन हिंडणारें विजेचेंच एंजिन होय.

हा द्राविडी प्राणायाम कशाला, असें कोणी म्हणेल. कारण असें कीं, डिझेल यंत्र ठराविक गतीखालीं चालूंच शकत नाहीं. आणि उभी गाडी हलवितांना तर चाकांची गति शून्य असून ओढ मात्र सर्वांत अधिक लागते. विजेच्या मोटारीचा स्वभाव नेमका याला अनुकूल आहे. ती जागच्या जागीं उभी असतांनाच सर्वांत जास्त जोर लावते. ड्रायव्हरच्या हातीं आठ खांचांची एक मूठ असते. ती पहिल्या खांचेपासून आठव्या खांचेपर्यंत नेली कीं यंत्राचे फेरे मिनिटाला सुमारें ४०० वरून १००० पर्यंत चढतात. मूठ झटक्यानें पुढें सारली तर तेल आधीं पोंचतें, हवा दाबून भरणारा पंखा मागाहून वेग घेतो, आणि अर्धवट जळलेल्या तेलाचे काळे लोट बाहेर पडतात. स्टेशनावरचीं मुलें तो देखावा मोठ्या कौतुकानें पाहत. रुळांलगतच्या वस्तीला त्याचें कौतुक असण्याचें कारण नव्हतें; डिझेलच्या धुरानें फुप्फुसाचा कर्करोग होतो, असा स्पष्ट निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला.

महाराष्ट्रांत या एंजिनांचें एक ठळक ठाणें म्हणजे पुण्याची घोरपडी शेड. मुंबईहून पुण्यापर्यंत विजेची तार १९३० सालींच आली होती, पण पुढें कितीतरी दशकें ती नव्हती. म्हणून मुंबईची गाडी पुण्यास थांबे, विजेचें एंजिन सुटे, आणि मिरज-कोल्हापूरकडे नेण्यास डिझेलचें एंजिन जोडलें जाई. प्रवासी तेवढ्यांत चहा घेत.

शेड हेंच एंजिनाचें खरें घर. ठराविक दिवसांनीं त्याला तेथें परतावेंच लागतें, आणि तेथें त्याची जी नाडीपरीक्षा होते ती एखाद्या निष्णात वैद्यानेंही वाखाणावी अशी आहे. यंत्रांतील वंगणाचा थोडा नमुना प्रयोगशाळेंत नेतात व विजेच्या ठिणगीनें पेटवितात. प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश निराळा, त्यामुळें दहा लाख भागांत कशाचे किती भाग आहेत हें कळून येतें. तांबें किंवा शिसें वाढलें तर बेअरिंगें झिजत आहेत. लोखंड वा क्रोमियम वाढलें तर सिलिंडरचें अस्तर अथवा दट्ट्याच्या कड्या. सिलिकॉन आढळलें तर हवेच्या गाळणींतून धूळ आंत शिरली. सोडियम आढळलें तर थंडाव्यासाठीं फिरणारें पाणी वंगणांत मिसळत आहे, कारण त्या पाण्यांत गंज न चढावा म्हणून क्षार घातलेले असतात. एंजिन बाहेरून धडधाकट दिसत असतांना आंतली व्याधि अशी कागदावर उमटते. ती वेळीं ओळखली नाहीं तर भर मार्गावर यंत्र बंद पडून मागच्या साऱ्या गाड्या अडकतात. वेळापत्रक पाळणाऱ्या ड्रायव्हरचें नांव होतें, तेलाचा थेंब तपासणाऱ्याचें होत नाहीं. हा न्याय कांहीं बरोबर म्हणतां येणार नाहीं.

एक दोष मात्र शेडलाही पुरता घालवितां आला नाहीं. थंड झालेलें यंत्र पुनः चालू करणें कष्टाचें, बॅटऱ्यांवर भार टाकणारें. म्हणून काम नसतांनाही कित्येक एंजिनें तासन् तास धडधडत ठेवीत. त्यांत किती तेल फुकट गेलें असेल!

रेल्वेच्या हिशेबीं डिझेल एंजिनाचें आयुष्य ३६ वर्षांचें. निम्मीं वर्षें भरलीं कीं त्याची मोठी दुरुस्ती निघे. त्यासाठीं पतियाळा येथें १९८१ सालीं स्वतंत्र कारखाना काढण्यांत आला. तेथें एंजिन सांगाड्यापर्यंत उघडें करीत. नवें यंत्र, नव्या तारा, जुन्या जनित्राच्या जागीं नव्या पद्धतीचें जनित्र बसवून त्याची शक्ति ३१०० अश्वांपर्यंत नेत आणि 'डब्ल्यू. डी. एम्. ३ ए' या नव्या वर्गांत त्याला घालीत. जोतें तेंच, वरचा वाडा नवा. हा पुनर्जन्म सर्वांनाच लाभला नाहीं. इतर एंजिनें वय होतांच मेलगाडीवरून उतरून मालगाडीवर, मालगाडीवरून पॅसेंजरवर, आणि शेवटीं यार्डांत डबे इकडून तिकडे ढकलण्याच्या कामावर आलीं.

त्यांचा शेवट झिजेमुळें झाला असें मात्र नाहीं. २०१४ नंतर मार्गांच्या विद्युतीकरणाला विलक्षण वेग आला, आणि धडधाकट एंजिनेंही मुदत भरण्यापूर्वीं मोडीत निघूं लागलीं. कित्येक डिझेल शेडींत आतां विजेचीं एंजिनें सांभाळलीं जातात. ज्या हातांनीं दट्ट्याच्या कड्या बदलल्या त्यांना नवी विद्या शिकावी लागली. अल्कोच्या कुळांतील दोन मालवाहू एंजिनांना तर वाराणशीच्या कारखान्यानेंच विजेच्या जोडएंजिनाचें रूप दिलें, आणि तें २०१९ सालीं रुळांवर आलें. अमेरिकेहून आलेल्यांपैकीं १८०४० क्रमांकाचें पहिलें एंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत जपून ठेवलें आहे.