‘बहिर्जी’ : एका विशेषनामाची व्युत्पत्ती

शिवकालीन हेरप्रमुख बहिर्जी नाईक यांच्यामुळे परिचित असलेले ‘बहिर्जी’ हे पुरुषनाम आज क्वचितच आढळते. त्याचा संबंध संस्कृत ‘बहिः’ (बाहेर) या अव्ययाशी किंवा ‘बधिर’पासून सिद्ध झालेल्या ‘बहिरा’ या विशेषणाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु हे साम्य केवळ ध्वनींचे आहे. बाहेर वावरणारा हेर ही कल्पना कितीही रम्य असली, तरी नाव बारशाला ठेवले जाते. व्यवसाय पुढे येतो.

या नामाचे पूर्णतर रूप ‘बहिरोजी’ होय. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, त्यांच्या पूर्वीचे पेशवे बहिरोजी पिंगळे यांच्या नावात ते दिसते. त्यातील ओकार निर्णायक आहे. ‘लवण’चे ‘लोण’ व्हावे, त्याप्रमाणे येथेही ‘अव’चा ‘ओ’ झाला आहे : भैरव > भइरव > बहिरव > बहिरो. ‘भ’मधील महाप्राण सुटून पुढील दोन स्वरांमध्ये ‘ह’रूपाने स्थिरावतो. भगिनी > भइणी > बहिणी > बहीण ही परंपरा याच प्रक्रियेची साक्ष देते. ‘बहिरोबा’ हे ग्रामदैवताचे नावही असेच सिद्ध होते.

‘जी’ हा आदरार्थी प्रत्यय लागल्यावर मधला ओकार लोपला. रेफयुक्त लेखनाने त्यास संस्कृताचा आभास मात्र दिला. सारांश, ‘बहिर्जी’ म्हणजे भैरवच. विशेषनामाची व्युत्पत्ती नामधारकाच्या कीर्तीवरून नव्हे, तर ध्वनिनियमांवरून ठरवावी, हेच यावरून दिसते.