पिसाची साक्ष



हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऐरोलीच्या बाजूस ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ती गुलाबी शोभा पाहून आपण म्हणतो, खाडी अजून धडधाकट आहे! 2015 साली हा भाग अभयारण्य झाला आणि 2022 साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. परंतु हा गुलाबी रंग पक्ष्याचा स्वतःचा नव्हे. शेवाळ आणि बारीक जलजीव यांच्यातील रंगद्रव्य अन्नावाटे त्याच्या पिसांत उतरते. मग त्याच वाटेने पारा, शिसे, कॅडमियमही उतरत असतील तर? ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते कसे ओळखावे, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ येथे कारखाने उभे राहिले. वालधुनी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते आणि उल्हास पुढे खाडीचे रूप घेते. कोणी म्हणेल, पाण्याची बाटली भरून तपासावी, झाले! पण भरती-ओहोटीचे पाणी घटकेघटकेला बदलते. धातू मात्र गाळात बसतात. गाळातील सूक्ष्म जंतू पाऱ्याला अधिक घातक रूप देतात. तो किड्यांत, किड्यांतून निवटीत, निवटीतून बगळ्यात जातो आणि पायरीगणिक साठत जातो. शिशाची चाल निराळी आहे. ते चुन्यासारखे हाडांत जाऊन बसते.

यासाठी पक्ष्याला मारण्याचे कारण नाही. पीस वाढत असते तेव्हा त्याला रक्त पुरवले जाते आणि रक्तातील पारा पिसाच्या द्रव्यातील गंधकाला घट्ट चिकटतो. वाढ पुरी झाली की रक्त बंद होते आणि हिशेबाची वही मिटते. गळलेले पीस धुऊन, आम्लात विरघळवून यंत्राने मोजले, की ती वही पुन्हा उघडते. धुणे मात्र काटेकोर हवे. वरून बसलेली धूळ आतल्या धातूत मिसळून चालत नाही.

स्वीडनमध्ये हीच युक्ती कामी आली. तेथील संशोधकांनी संग्रहालयांतील शिकारी पक्ष्यांची जुनी पिसे तपासली, तेव्हा 1940 नंतर पारा एकाएकी वाढल्याचे दिसले. पेरणीच्या बियाण्यास चोळलेले पाऱ्याचे औषध त्याचे कारण ठरले आणि 1966 साली त्यावर बंदी आली. आपल्याकडेही 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात जुने पक्षी आहेत. मात्र त्या काळी कातडी टिकवण्यासाठी सोमल वापरीत, म्हणून अशा पिसांतील धातूंचा अर्थ जपून लावावा लागतो.

आता खरी मेख सांगतो. साक्षीदाराला आधी विचारावे, "तू त्या वेळी होतास कुठे?" रोहित हा पाहुणा आहे. त्याचे पीस कच्छच्या रणात उगवले असेल तर ते कच्छची हकिगत सांगेल, ठाण्याची नव्हे. म्हणून येथेच घरटी करणारे बगळे आणि रातबगळे हे अधिक भरवशाचे. त्यांच्या पिलांची पिसे आईबापांनी जवळपासच्या पाण्यातून आणलेल्या घासावर वाढलेली असतात. ती दरवर्षी, त्याच घरट्यांखालून, त्याच ऋतूत गोळा करून शेजारच्या गाळाबरोबर ताडून पाहावीत. एका वर्षाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही; दहा वर्षांच्या आकड्यांना आहे.

हा खटाटोप केवळ पक्ष्यांसाठी नाही. जपानमध्ये मिनामाता येथे 1956 साली माणसांच्या आजाराची अधिकृत नोंद झाली. त्याआधीच तेथील मांजरे झटके येऊन मरत होती. मासळी दोघांचीही एकच होती. आपल्या खाडीतही बगळा जी मासळी टिपतो, तीच कोळ्याच्या जाळ्यात आणि आपल्या ताटात येते. तेव्हा तिवरांखाली पडलेले पांढरे पीस दिसले, तर ते शोभेची वस्तू समजू नये. ते आपल्याच घरच्या जेवणाविषयी काही सांगत असते.