आईचे गुडघे आणि माथेरानची वाट

‘घोड्यावर बसशील का गं?’ मी आईला विचारलं, आणि दोघी खळखळून हसलो. पंचाहत्तरी ओलांडलेली आई, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात काठी. पण प्रश्न अगदीच थट्टेचा नव्हता. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली की पुढे माथेरानमध्ये जायचं कसं, हा विचार आला की पर्याय मोजकेच. पाय, घोडा, हातरिक्षा आणि शटल गाडी. शटलची तिकिटं संपली होती. पायांचं तर बोलायलाच नको!

ही गोष्ट जानेवारी २०२३ ची. लग्नानंतर १९७१ साली आई-बाबा नेरळहून मिनी ट्रेनने माथेरानला आले होते. साडी सावरत, दोन्ही पाय एका बाजूला टाकून आई घोड्यावरून पॅनोरमा पॉइंटला गेली होती म्हणे. बाबा गेल्यावर तिने एकदाच म्हटलं, ‘पुन्हा एकदा माथेरान बघायचंय.’ तेवढ्यासाठी हा सगळा घाट.

खरं सांगते, तोवर मी माथेरानच्या बाबतीत अगदी कट्टर होते. मोटारींना बंदी असलेलं आपल्याकडचं हे एकमेव थंड हवेचं ठिकाण. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हा डोंगर शोधला, १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने छोटी रेल्वे आणली, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं. अ‍ॅम्ब्युलन्स आणि अग्निशमनाचा बंब सोडला तर गावात इंजिनाची गाडी नाही. हॉर्न नाही, धूर नाही. कुणी ई-रिक्षा म्हटलं की माझ्या कपाळावर आठी. ‘आज तीन चाकं आली, उद्या चार येतील,’ असं मी भिशीत तावातावाने सांगायचे. मुंबईत बसून!

त्या वेळी ई-रिक्षांचा प्रयोग नुकताच सुरू झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये परवानगी दिली आणि डिसेंबरात तीन महिन्यांसाठी सात रिक्षा रस्त्यावर आल्या. सात रिक्षा आणि शनिवारची गर्दी! रांग बघूनच आईचा चेहरा उतरला. तेवढ्यात एक हातरिक्षावाले पुढे आले. केस पांढरे, अंगात मळका शर्ट. ‘बसा आजी, सावकाश नेतो,’ म्हणाले.

आई बसेना. ‘माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसायचं?’ पण उभंही राहवेना. शेवटी बसली. एक जण पुढे ओढायला, दोघे मागून ढकलायला. लाल मातीचा चढ. मी बाजूने चालत होते. चढावर त्यांचा श्वास ऐकू यायला लागला तशी आईने डोळेच मिटून घेतले. मुक्कामी पोचल्यावर तिने ठरल्यापेक्षा जास्त पैसे हातात ठेवले, पण तोंडातून शब्द नाही. रात्री म्हणाली, ‘मी दुसऱ्याच्या छातीवर बसून आले गं.’

त्या रात्री माझा सगळा पर्यावरणवाद मला टोचायला लागला. बिनमोटारीचं माथेरान मला हवं होतं, पण त्याची किंमत मी मोजत नव्हते. ती हा माणूस मोजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारपेठेत चहा घेताना एका घोडेवाल्या दादांशी बोलणं झालं. माथेरानमध्ये परवाना असलेले घोडे साडेचारशेच्या वर, तर हातरिक्षा ९४. म्हणजे गावातली किती चुली घोड्यावर पेटतात बघा. दादा म्हणाले, ‘ताई, रिक्षा उभी राहिली तर खात नाही. माझा घोडा पावसाळ्यातही खातो. चार महिने गिऱ्हाईक नाही, पण चंदी-चारा द्यावाच लागतो.’ त्यांचा दुसरा राग पेव्हर ब्लॉकवर होता. घोड्याच्या पायाला लोखंडी नाल. मातीत तो रुततो, पकड घेतो. गुळगुळीत ब्लॉकवर मात्र घसरतो. घोडा पडला तर त्याच्याबरोबर वरचा माणूसही पडणार.

पण उलट बाजूही आहे. भुसभुशीत मातीच्या चढावर बॅटरीची रिक्षा चढत नाही. शिवाय धो धो पावसात ती लाल माती दरवर्षी वाहून जाते, टापांनी आणखी सुटी होते. म्हणजे रिक्षा हवी तर ब्लॉक हवेत, आणि ब्लॉक आले की घोडा अडचणीत. भांडणाचं मूळ आहे हे असं पायाखालीच!

माझा दीर कोलोरॅडोत असतो. फोनवर हे सांगितलं तर तो हसायला लागला. ‘वहिनी, आमच्याकडे हेच चाललंय!’ तिथल्या सरकारी जंगलात शरद ऋतूत एल्क नावाच्या मोठ्या हरणाची शिकार चालते. जुने शिकारी घोडे आणि खेचरं घेऊन आत जातात, शिकारही त्यांच्याच पाठीवर लादून आणतात. नवे लोक चार चाकांच्या फटफट्या घेऊन येतात. घोडे बुजतात, हरणं दूर पळतात, वाटा उखडतात, आणि मग वाटेवरच हमरीतुमरी. १९६४ च्या कायद्याने तिथे काही जंगलं ‘वाइल्डरनेस’ म्हणून राखली. तिथे मोटारच काय, सायकलसुद्धा नेता येत नाही. घोडा चालतो. बाकीच्या वनखात्याच्या जंगलांत गाडीला कुठली वाट खुली, ते २००५ च्या नियमाप्रमाणे नकाशावर ठरवून दिलेलं असतं.

पण मला सगळ्यात भावली ती दुसरीच गोष्ट. एवढ्या कडक कायद्यातही अपंगांची व्हीलचेअर अडवायची नाही, हे १९९० मध्ये तिथल्या अपंगांसाठीच्या कायद्यात स्पष्ट लिहून टाकलंय. जंगल राखायचं, पण ज्याचे पाय चालत नाहीत त्याला दारातून परत पाठवायचं नाही. माझ्या डोळ्यांसमोर आईची काठी आली.

परतीच्या दिवशी आम्ही सकाळी लवकर रांगेत लागलो आणि ई-रिक्षा मिळाली. आवाज नाही, धूर नाही. समोरच्या सीटवर दप्तर मांडीवर घेतलेली दोन शाळकरी मुलं. ‘आधी रोज चालत जायचो आजी,’ त्यातली मुलगी म्हणाली. आई तिच्याशी गप्पा मारत दस्तुरीपर्यंत कधी पोचली, कळलंच नाही.

दस्तुरीला मात्र माझी नजर दुसरीकडे गेली. पर्यटकांच्या बॅगा डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या बायका! खालच्या वाड्यांमधून येणाऱ्या, काही तर माझ्याच वयाच्या. चुंबळीवर एक सूटकेस, हातात दुसरी. इतकी वर्षं मी घोडा की मोटार एवढंच बोलत होते, ह्या बायका मला दिसल्याच नव्हत्या. एका मावशींना विचारलं, ‘रिक्षा आल्या तर तुमचं काम जाईल ना?’ त्यांनी घाम पुसला आणि म्हणाल्या, ‘जाईल की. पन मला शिकवा ना रिक्षा चालवायला!’

घोड्याची बाजू घ्यायची की रिक्षाची, यावर मी वाद घालत होते. मावशींनी एका वाक्यात सांगितलं की प्रश्न तो नाहीच. चाक कोणाच्या हातात येणार, हा प्रश्न आहे.

नंतर मी ही बातमी नेमाने वाचत राहिले. २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, ई-रिक्षा वीसच, आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच. ऑगस्ट २०२५ मध्ये तर सरळ आदेश दिला की माणसाने माणसाला ओढणं अमानुष आहे, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा. गुजरातमधल्या केवडियासारखी योजना करा, सरकारने रिक्षा घ्याव्यात आणि ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. पेव्हर ब्लॉक दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच, आतल्या वाटांवर नाहीत. आणि उरलेल्या रिक्षांसाठी आदिवासी महिलांचा विचार व्हावा, असंही त्यात आहे. ते वाचलं आणि मला मावशी आठवल्या.

मला ही वाटणी पटते. मुख्य रस्ता आजारी, म्हातारे, शाळकरी मुलं यांच्यासाठी रिक्षेचा. आतल्या लाल वाटा, एको पॉइंट, लुईझा पॉइंट, घोड्यांच्या आणि चालणाऱ्यांच्या. घोडेवाल्यांची भीती खोटी नाही. एकदा सवलत दिली की ती पसरते, हे आपण आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही बघतोच की! म्हणून रिक्षांची मर्यादा कागदावर नको, रस्त्यावर दिसायला हवी. आणि कमाई घटलेल्या घोडेवाल्याच्या घोड्याने खायचं काय, याचंही उत्तर कुणीतरी द्यायला हवं. ते अजून मला कुठल्या आदेशात सापडलेलं नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी माथेरानला जाल तेव्हा पाय धड असतील तर चाला. आत फिरताना घोडा घ्या, दर आधी ठरवून घ्या. रिक्षेची जागा जिचे गुडघे कुरकुरतात तिला सोडा.

आई परवा पुन्हा म्हणाली, ‘जाऊया का गं माथेरानला?’ जाणार आहोत. रिक्षा चालवायला एखादी मावशी भेटली, तर तिच्या शेजारच्या सीटवर आईच बसणार, हे तिने आत्ताच बजावून ठेवलंय!