सलाईन लावता आलं की झाली नर्स?

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. मागाच्या मिळकतीवर घर चालवणं जड झालेल्या अशा गावांत बारावीच्या निकालानंतर मुलीचं पुढे काय करायचं ही चर्चा सुरू झाली, की नर्सिंगचं नाव हमखास निघतं. त्याबरोबर काही ठरलेली वाक्यंही निघतात. ती इतक्या वेळा बोलली गेली आहेत की खरी की खोटी हे आता कुणी विचारत नाही. त्यांतल्या काहींपायी मुलींची वर्षं आणि आईबापांचे पैसे बुडतात, काहींपायी रुग्णाचा जीव जातो.

"डॉक्टर सांगतील तेवढं करायचं, त्यात डोकं कसलं लागतं?"

आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता बाळंतपण झालं आहे, असं समजा. बाळ रडलं, वार पडली, बाहेर नातेवाईक निश्चिंत झाले. नर्सच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा वेळ आता सुरू होतो. बाळ बाहेर येताच मिनिटभरात तिने ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन दिलेलं असतं. आता ती दर पंधरा मिनिटांनी बाळंतिणीच्या बेंबीखाली हात ठेवून गर्भाशय चाचपते. ते घट्ट लागलं तर ठीक. मऊ, सैल लागलं तर आत रक्त साचत असण्याची शक्यता असते, आणि पोट चोळून ते आवळून आणायचं काम त्याच क्षणी सुरू करावं लागतं. अर्धा लिटरहून जास्त रक्त गेलं तर तो अतिरक्तस्राव समजतात. पण अंगात मुळातच रक्त कमी असलेली बाई त्याच्या आधीच कोसळू शकते, आणि अशा बायका आपल्याकडे घरोघरी आहेत. अशा वेळी रक्तदाब बराच काळ ठीक दिसतो, नाडी मात्र आधीच पळायला लागलेली असते. हे जिला शिकवलं गेलं आहे ती नाडी मोजते. जिला नुसतं बीपीचं यंत्र लावायला शिकवलं, ती फसते.

यातलं काहीही डॉक्टर शेजारी उभे राहून सांगत नसतात. झटके येऊ लागलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मग पुढच्या रुग्णालयात पाठवायचं, ही जबाबदारी केंद्र सरकारच्या सूचनांनीच प्रशिक्षित एएनएमवर, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेवर, टाकली आहे. औषध कोणतं आणि किती, हे एरवी डॉक्टर ठरवतात ते बरोबरच आहे. पण डॉक्टरांना कधी उठवायचं हे नर्स ठरवते, आणि पुष्कळदा जीव वाचतो की जातो ते तिथेच ठरतं.

"थिअरी परीक्षेपुरती, काम हाताने शिकायचं."

हा गैरसमज बाहेरच्यांपेक्षा नर्सिंगच्या विद्यार्थिनींमध्येच जास्त आहे. त्याला शिकवण्याची पद्धतही जबाबदार आहे. ओरेम, पेपलाऊ, हेंडरसन या परिचर्येच्या सिद्धांतकारांची नावं व्याख्यांसकट पाठ करून घेतली जातात आणि वॉर्डात गेल्यावर त्यांचं काय करायचं हे कुणी दाखवत नाही.

डोरोथिया ओरेम यांनी 1971 च्या पुस्तकात मांडलेला विचार आंधळगावात लावून पाहा. मधुमेहाचा एक विणकर आहे. दिवसभर अनवाणी पायांनी मागाच्या पावड्या दाबतो. साखरेमुळे तळव्याची संवेदना गेलेली, त्यामुळे लागलेलं-खुपलेलं त्याला कळत नाही. "पायाची काळजी घ्या" असं सांगून त्याला परत पाठवणं सोपं आहे. ओरेम यांचा प्रश्न वेगळा आहे: हा माणूस स्वतःचं काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि मधली उणीव कोणी भरायची? पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं त्याला जमेल. स्वतःचा तळवा वाकून पाहणं जमणार नाही, नजरही अधू झाली आहे. मग रोज रात्री तळवा बायकोने पाहायचा, आणि काय दिसलं तर लगेच यायचं हे नर्सने तिला एकदा समोर बसवून दाखवायचं. पावड्यांच्या कडा घासून गुळगुळीत करून घ्यायच्या. पाय कापावा लागण्याचा धोका कमी होतो तो अशा बारीक व्यवस्थेतून, आणि ती कुठल्याही औषधाच्या चिठ्ठीवर नसते.

हिल्डेगार्ड पेपलाऊ यांनी 1952 मध्ये नर्स आणि रुग्ण यांच्यातल्या नात्यालाच उपचाराचा भाग म्हटलं. हे नातं किती मोलाचं, ते विदर्भातल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांकडे पाहून कळतं. रोवणीच्या दिवसांत पावसात भिजून गारठलेली मुलगी हाडं फोडणाऱ्या वेदनेने कण्हत येते. अंगावर जखम नाही, सूज नाही. "नाटक करते" असं म्हणणारे दवाखान्यातही भेटतात. पण गारठा आणि अंगातलं पाणी कमी होणं, या दोन्हींनी सिकलसेलची कळ उठते. वेदना खरी मानणं, ती किती आहे हे तिलाच विचारून नोंदवणं, ऊब आणि पाणी देणं, दुखणं थांबवण्याचं औषध वेळेवर मिळतं की नाही ते पाहणं, ही परिचर्या आहे. विश्वास बसलेली मुलगी पुढच्या वेळी लवकर येते.

"गू-मूत काढायचं हलकं काम."

या वाक्यात जात आहे आणि बाईपणाचा कमीपणा आहे, ते उघड बोललं पाहिजे. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि त्यात त्या गेल्या. रमाबाई रानडे यांच्या सेवासदन संस्थेने पुण्याच्या ससून रुग्णालयात मुलींना परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं, तेही समाजाचा विरोध पत्करून. आणि बेडपॅन उचलताना नर्स काय पाहते? लघवी किती झाली, रंग कसा. डांबरासारखी काळी शी दिसली तर पोटात रक्तस्राव होत असेल, ही शंका सर्वांत आधी तिला येते.

"पदवीने काय फरक पडतो? सिस्टर ती सिस्टर."

फरक मोजलेला आहे. युरोपातल्या 9 देशांतल्या 300 रुग्णालयांचा अभ्यास 2014 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पदवीधर नर्सेसचं प्रमाण दर 10 टक्क्यांनी वाढलं, की शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला रुग्ण महिनाभरात दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी घटलेली दिसली. आणि एका नर्सवर एक रुग्ण वाढला की ती तितकीच वाढलेली.

तरी पदवीचा कागद म्हणजे सगळं असंही नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि तो अभ्यास 1999 मध्ये त्याच नियतकालिकात छापून आला. त्या बायका पदवीधर नव्हत्या. पण मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास म्हणजे धोका, हे त्यांना नेमकं शिकवलेलं होतं आणि त्यांच्या कामावर नियमित देखरेख होती. मला यातून एवढंच दिसतं की शिक्षण नेमकं हवं, आणि शिकलेल्या माणसाला एकटं सोडू नये.

एका नर्सवर किती रुग्ण, या वरच्या आकड्याजवळ भंडाऱ्याच्या माणसाला थांबावंच लागतं. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून 10 बाळं गेली. नंतर कारवाई झालेल्यांत परिचारिकाही होत्या. दोष कुणाचा याचा निवाडा इथे करायचा नाही. पण कुठल्याही अतिदक्षता कक्षाबद्दल विचारायचा पहिला प्रश्न "नर्स कुठे होती?" हा असतो, तसाच दुसराही असायला हवा: तिथे किती नर्स असायला हव्या होत्या आणि किती होत्या?

"हे बायकांचंच काम."

एएनएम अभ्यासक्रम मुलींसाठी आहे. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) आणि बीएस्सी नर्सिंगला मुलगेही जातात, वॉर्डात त्यांना ब्रदर म्हणतात आणि त्यांचीही तितकीच गरज आहे.

"सहा महिन्यांचा कोर्स केला की नोकरी पक्की."

सर्वांत महागात पडणारं वाक्य हेच. तालुक्याच्या गावी फलक लावलेले असतात, फी हप्त्याने घेतात, पांढरा कोट देतात. त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. नोंदणीला नेणारे रस्ते मोजके आहेत: एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. बीएस्सीला बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह लागते. जीएनएमला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. पुढे जीएनएमवाल्यांना दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते, म्हणजे सुरुवात छोटी झाली तरी वाट बंद होत नाही.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. संस्थेला कौन्सिलची मान्यता या वर्षासाठी आहे का; असेल तर तिचं पत्र दाखवायला सांगावं. परीक्षा कोण घेतं: बीएस्सी असेल तर बहुतेक ठिकाणी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, एएनएम-जीएनएम असेल तर राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. आणि मुली प्रत्यक्ष शिकायला कोणत्या रुग्णालयात जातात, तिथे खाटा किती, बाळंतपणं होतात का. जमल्यास त्या रुग्णालयात जाऊन वॉर्डातल्या सिस्टरलाच विचारावं की या संस्थेच्या मुली इथे येतात का. कार्यालयात या प्रश्नांना टाळाटाळ झाली, तर त्या दिवशी एक रुपयाही भरू नये.