फोर बाय फोर आणि मामाचं ६५ हजारांचं बिल

मागच्या पावसाळ्यात वाईहून मामाचा फोन आला. "अरे, तू इंजिनिअर ना? गाडीचा लिव्हर फोर एचमधून निघतच नाहीये." मी सॉफ्टवेअरवाला आहे, पण मामाच्या लेखी इंजिनिअर तो इंजिनिअर.

मेकॅनिकने गाडी उघडली. ट्रान्सफर केसची चेन ताणलेली, एक बेअरिंग गेलेलं, पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटलेला. बिल ६५ हजार. हळदीचे आलेले पैसे जवळजवळ सगळे त्यात गेले. मामाने ही सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा आधीचा मालक म्हणाला होता, "पाऊस सुरू झाला की फोर एच टाकायचं आणि विसरून जायचं. या गाडीला काही होत नाही." मामाने तसंच केलं. पसरणी घाट, पाचगणी, बाजार, सगळीकडे फोर एच.

गाडी खराब नव्हती. सल्ला खराब होता, आणि तो का खराब हे साध्या गणिताने कळतं.

थार, जिमनी, जुनी जिप्सी या गाड्या 'पार्ट टाइम' फोर बाय फोर. एरवी इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. फोर एच टाकलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडतो. दोघांनी सारख्याच वेगाने फिरायचं, सवलत नाही.

पण वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.६ मीटर आहे आणि यू टर्न घेताना मागचा अॅक्सल ५ मीटर त्रिज्येत वळतोय. पायथागोरस लावा: पुढच्या अॅक्सलची त्रिज्या साधारण ५.६ मीटर येते. अर्ध्या वर्तुळात मागचा भाग १५.७ मीटर जातो, पुढचा १७.७. फरक २ मीटर. अशा गाडीच्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर असतो, म्हणजे एका यू टर्नमध्ये पुढच्या चाकांना जवळजवळ एक फेरी जास्त हवी असते.

चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा हिशोब आपोआप मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतो. मग तो पीळ शाफ्ट, क्रॉस, चेन आणि गिअरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी आखडल्यासारखी चालते, टायर किंचाळतात, लिव्हर अडकतो. मामाला ही सगळी लक्षणं दिसत होती. त्याला वाटलं, फोर बाय फोर म्हणजे असंच असणार! (असा लिव्हर अडकला तर थोडं सरळ रिव्हर्स घेतल्यावर बरेचदा पीळ सुटतो. ओढाताण करू नका.)

सरळ रस्त्यावरही सुटका नाही. पुढे झिजलेले टायर आणि मागे नवे, असं असेल तर व्यासात १ सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. चाक ७० सेंटिमीटरचं धरलं तर दर १०० मीटरला जवळपास दीड मीटरचा हिशोब चुकतो. म्हणून अशा गाडीला दोनच नवे टायर घालून पैसे वाचवणं महागात पडतं. फुल टाइम फोर बाय फोरमध्ये मध्ये आणखी एक डिफरन्शिअल असतं, ते वळणावरचा फरक सांभाळून घेतं. तिथले नियम वेगळे. आपल्याकडे कोणती सिस्टिम आहे ते मॅन्युअलमध्ये बघा.

याच्या अगदी उलटा गैरसमजही ऐकू येतो: "वापरलंच नाही तर बिघडणार कसं?" बिघडतं. पुढच्या डिफरन्शिअलमधलं तेल फिरत नाही, सील कोरडे पडतात, लिव्हरची यंत्रणा जाम होते. अधूनमधून मातीच्या रस्त्यावर थोडं अंतर फोर एच टाकून चालवणं चांगलं.

आणि जिप्सीवाले काका. "जुन्या गाडीत सेन्सर नाहीत, म्हणून ती बिघडत नाही." मला जिप्सी आवडते, पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आमच्या क्षेत्रात दोन आकडे वेगळे मोजतात: बिघाड किती दिवसांनी येतो, आणि तो दुरुस्त करायला किती वेळ लागतो. जुनी गाडी दुसऱ्यात भारी आहे, गावातला मेकॅनिकही ती खोलतो. पण पहिल्यातही ती भारी होती हे त्यावरून ठरत नाही. ज्या जिप्सी कधीच भंगारात गेल्या त्या आपल्याला रस्त्यावर दिसत नाहीत, एवढंच.

एक गैरसमज मात्र जीवावर बेतू शकतो. ओल्या घाटात फोर बाय फोर लवकर थांबते, असं नाही. ब्रेक प्रत्येक कारमध्ये चारही चाकांना असतात. फोर बाय फोर निघायला आणि चढायला मदत करतं. थांबणं टायर आणि रस्त्यावर आहे.

सेकंडहँड घेत असाल तर गाडी मोकळ्या मातीत न्या. फोर एच, फोर एल टाकून चालवा आणि परत टू एचमध्ये येते का बघा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत का पाहा. डिफरन्शिअलचं तेल थोडं काढून बघा. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. गरम अॅक्सल ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी खेचलं जातं.

मामाने गाडी घेताना यातलं काहीच कोणी केलं नव्हतं. मी पुण्यात होतो. त्याने फोटो पाठवले, मी मीटिंगमधून रिप्लाय दिला, "मस्त दिसतेय, घे."