स्तूप आणि कॅथेड्रल : एका दिवसाच्या सहलीचे नियोजन

जव्हारचा जयविलास राजवाडा आणि दाभोसा धबधबा पाहण्यासाठी दूरदूरचे पर्यटक येतात. मात्र जिल्ह्याच्या सागरी टोकाचा वारसा पाहावा, हे जव्हार-मोखाडेकरांना सहसा सुचत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि नालासोपाऱ्याचा प्राचीन स्तूप व वसईतील पापडीचे कॅथेड्रल ही दोन्ही स्थळे आपल्याच जिल्ह्यात आली. योग्य नियोजन केल्यास ती एका दिवसात पाहता येतात.

स्वतःचे वाहन असल्यास पहाटे सहाला निघून विक्रमगड, मनोरमार्गे महामार्ग गाठावा. एसटीने जाणाऱ्यांनी पालघरला उतरून लोकलने विरार गाठावे. तेथे धिमी लोकल पकडली की पुढचेच स्थानक नालासोपारा आणि त्यानंतरचे वसई रोड.

प्रथम स्तूप पाहावा. तेथे सावली कमी असल्याने सकाळची वेळच योग्य. समोर दिसतो तो विटा-मातीचा उंचवटा. पूर्वतयारीविना गेलेला प्रवासी पाच मिनिटांत निराश होऊन परततो. म्हणून इतिहास आधी जाणून घ्यावा. सोपारा अर्थात शूर्पारक हे प्राचीन बंदर होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा दगडी पेटीत आठ कांस्यमूर्ती आणि तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने अशा एकात एक ठेवलेल्या करंड्या सापडल्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील आज्ञा कोरलेला हा दगड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मुलांना या वस्तूंची छायाचित्रे आधी दाखवली, तर तोच उंचवटा बोलका होतो.

दुपारी पापडीला जावे. ज्या चर्चमध्ये बिशपांचे पीठ असते, त्यास कॅथेड्रल म्हणतात. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला आणि पापडीच्या अवर लेडी ऑफ ग्रेस चर्चला हा मान मिळाला. येथे मराठीतून उपासना होते. रविवारी सकाळी मिस्सा असतो, तर लग्नसराईत विवाहविधी. त्यामुळे चर्चच्या कार्यालयात आधी चौकशी करावी. उपासना सुरू असल्यास मागे शांत बसावे, छायाचित्रे विचारूनच काढावीत.

वसईचा किल्ला जवळच असल्याने मोह होतो. परंतु १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकलेल्या या किल्ल्यास अर्धा दिवसही अपुरा पडतो. त्यासाठी वेगळी सहल आखावी. परतीच्या एसटीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी. स्वतःच्या वाहनाने गेलेल्यांनी चारच्या सुमारास वसई सोडावी, म्हणजे महामार्गावरील कोंडीत वेळ गेला तरी जव्हारचा घाट भर रात्री चढावा लागणार नाही. पावसाळ्यात घाटात धुके दाटते आणि स्तूपाभोवती चिखल होतो. म्हणून या सहलीस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.